लाभ, दोन, तीन… तेविसाव्या गोळीपर्यंत : स्पेस इन्व्हेडर्स कसा खेळावा

माझे आजोबा खळ्यावर ज्वारी मापायला बसले की पहिल्या मापाला कधी ‘एक’ म्हणायचे नाहीत. पायली भरून पोत्यात ओतायची आणि म्हणायचं, ‘लाभ’. मग दोन, तीन, चार. मापं चालू असताना मध्ये कोणी बोललेलं त्यांना चालत नसे, कारण गणती मोडली की पोतं रिकामं करून पुन्हा लाभपासून सुरुवात. इस्लामपूरच्या घरातली ती सवय मला इतक्या वर्षांनी जपानमध्ये, नागोयातल्या एका कॉफीच्या दुकानात उपयोगी पडली.

मी इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. नागोयात सकाळी कॉफी मागवली की तेवढ्याच पैशांत जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं मिळतं. त्याला इथे ‘मॉर्निंग’ म्हणतात. माझ्या गल्लीतल्या दुकानात खिडकीजवळचं एक टेबल वेगळं आहे. त्याच्या काचेखाली पडदा आहे, कडेला दांडी आणि बटण आहे आणि १०० येनचं नाणं टाकायची फट आहे. जपानमध्ये कॉफीच्या दुकानाच्या मालकाला सगळे ‘मास्टर’च म्हणतात, तसं मीही म्हणते. पहिल्या दिवशी मी भराभरा बटण दाबत होते. मास्टर टोस्ट ठेवायला आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “मोजा.”

हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे. स्पेस इन्व्हेडर्स हा नेम धरायचा खेळ आहे असं सगळ्यांना वाटतं. मी सांगते, तो मोजायचा खेळ आहे. मोजायला लागलात की पहिल्याच आठवड्यात फरक कळेल.

पडद्यावर काय आहे

सगळ्यात खाली तुमची तोफ. ती फक्त डावी-उजवीकडे सरकते. तिच्यावर चार बुरूज. त्यांच्या वर ५५ जणांची पलटण, आडव्या ५ रांगा, प्रत्येकीत ११ जण. खालच्या दोन रांगा ऑक्टोपसच्या, एकेकाचे १० गुण. मधल्या दोन रांगा खेकड्यांच्या, २० गुण. सगळ्यात वरची रांग माकळीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांची, ३० गुण. (मी सरसकट सगळ्यांना खेकडेच म्हणते.) पलटण एका कडेला टेकली की एक पायरी खाली उतरते आणि उलट दिशेला चालू लागते. अधूनमधून अगदी वरून एक उडती तबकडी जाते. तिचे गुण ५०, १००, १५० किंवा ३००.

आता हिशेब करा. खालच्या २२ जणांचे २२०, मधल्या २२ जणांचे ४४०, वरच्या ११ जणांचे ३३०. अख्खी पलटण गारद केली तर ९९० गुण. म्हणजे ३०० ची एक तबकडी जवळजवळ एक तृतीयांश पलटणीच्या मोलाची. तीन पाडल्या तर आणखी एक पलटण मारल्यासारखं. गुण तिथे आहेत.

तबकडीची गणती

तबकडीचे गुण नशिबावर अवलंबून नाहीत. तुम्ही कितव्या गोळीने तिला पाडता त्यावर ते ठरतात. पलटण उतरल्यापासून २३ व्या गोळीने तबकडी पाडली तर ३००. त्यानंतर दर १५ व्या गोळीला ३००. गोळी लागली, चुकली, स्वतःच्या बुरुजात घुसली, तरी ती मोजायची. नवी पलटण आली की गणती परत लाभपासून.

पंधराच का? खेळाच्या आज्ञावलीत तबकडीच्या गुणांची एक यादी आहे. यादीत आकडे १६ आहेत, पण लिहिताना एक चूक राहिली आणि यंत्र पंधराव्या आकड्यावरूनच मागे फिरतं. सोळावा आकडा कधी वाचलाच जात नाही. ती चूक झाली हे माझं भाग्यच समजते, कारण पंधरा मला पाढ्यात बसवता येतात.

मी मोजते ते असं. पहिल्या २२ गोळ्या सरळ: लाभ, दोन, तीन, अशा बावीसपर्यंत, ओठांतल्या ओठांत. बावीस झाल्या की बटणावरून बोट उचलायचं. खरोखर उचलायचं, नुसतं सैल ठेवायचं नाही. तबकडी साधारण दर २५ सेकंदांनी येते. ती येईपर्यंत फक्त तोफ हलवत गोळ्या चुकवायच्या. तबकडीचा आवाज सुरू झाला की तिच्या थोडं पुढे नेम धरून तेविसावी सोडायची. पुढच्या फेरीला पाढा. प्रत्येक पाच गोळ्यांना एक ओळ: पाच एके पाच, पाच दुणे दहा, मग चार सुट्या गोळ्या आणि थांबायचं. ‘पाच त्रिक पंधरा’ची शेवटची गोळी तबकडीसाठी राखून ठेवायची. हातांना दांडी आणि बटण असल्यामुळे बोटांची पेरं मोजता येत नाहीत. तोंडानेच मोजावं लागतं. दुकानात माझ्याकडे पहिल्यांदा लोकांनी वळून पाहिलं, आता कोणी बघत नाही.

इथे नवशिक्याची एक चूक हमखास होते आणि ती कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. पलटणीत आठपेक्षा कमी जण उरले की तबकडी येणं बंद होतं. समजा तुमचा नेम इतका चांगला आहे की एकही गोळी वाया जात नाही. पहिल्या बावीस गोळ्यांत २२ मेले, उरले ३३. तेविसावीने तबकडी. पुढच्या चौदात १४ मेले, उरले १९. पंधरावीने दुसरी तबकडी. पुढच्या चौदात आणखी १४ मेले, उरले ५. आता तिसरी तबकडी येणारच नाही. म्हणून तिसऱ्या फेरीत निदान तीन गोळ्या जाणूनबुजून वाया घालवायच्या. मी त्या बुरुजात मारते, कारण बुरूज जवळ असल्यामुळे गोळी लगेच फुटते आणि दुसरी सोडता येते. एका वेळी तुमची एकच गोळी हवेत असू शकते, हे लक्षात ठेवा. चुकलेली गोळी वरच्या कडेपर्यंत जाऊन संपेपर्यंत तुम्ही निःशस्त्र असता.

तबकडी कुठल्या बाजूने येणार हेही गोळ्यांची संख्या सम की विषम यावर ठरतं. बावीस सम आणि पुढची फेरी पंधराची, म्हणून तुमची गणती नीट बसली की ती एका फेरीला एका बाजूने आणि पुढच्या फेरीला दुसऱ्या बाजूने येताना दिसेल. अंदाज घ्यायला आठ-दहा खेळ लागतात.

गोळ्या चुकवणं

वरून तीन जातीच्या गोळ्या येतात आणि त्यांचे आकार वेगळे दिसतात. त्यातली एक जात नेमकी तुमच्या डोक्यावरच्या खेकड्याकडून सुटते. बाकीच्या दोन ठरलेल्या क्रमाने वेगवेगळ्या रांगांतून येतात. म्हणून एका जागी उभं राहणं म्हणजे त्या पहिल्या जातीला आमंत्रण. तबकडी पडद्यावर असताना या तिघींपैकी एक जात, नागमोडी दिसणारी, सुटत नाही. तेव्हा तबकडीसाठी बुरुजाबाहेर यायला तीच वेळ बरी.

बुरुजाखाली उभं राहून त्याच्या मधोमध गोळ्या मारा आणि एक अरुंद फट पाडा. त्या फटीतून मारायचं आणि कडेच्या विटांआड सरकायचं. फट रुंद झाली की बुरूज गेलाच म्हणून समजा.

मास्टरांच्या यंत्राचा पडदा मुळात काळा-पांढरा आहे. रंग दिसतात ते काचेवर चिकटवलेल्या रंगीत सेलोफेनच्या पट्ट्यांमुळे. बुरुजांच्या भागावर हिरवी पट्टी आहे. पांढरा खेकडा हिरवा दिसायला लागला की समजायचं, पलटण बुरुजांपर्यंत पोहोचली. ते बुरुजांवरून चालत गेले की बुरूज पुसले जातात. मी त्या रंगाकडे घड्याळासारखं बघते.

वेग का वाढतो

खेकडे कमी झाले की पलटण धावायला लागते आणि खाली धम, धम, धम, धम असे उतरत जाणारे चार सूर जवळजवळ येतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याच छातीत ते वाजत होते.

याचं कारण कळलं तेव्हा या खेळाबद्दल माझ्या मनात आदर दुणावला. हा खेळ तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये टैटो कंपनीसाठी बनवला. आखणी, चित्रं, आज्ञावली, यंत्राची जुळणी, बहुतेक सगळं त्यांनी एकट्याने केलं. आधी १९७५ मध्ये त्यांनी ‘वेस्टर्न गन’ नावाचा खेळ केला होता. अमेरिकेत मिडवे कंपनीने तोच खेळ इंटेलचा ८०८० प्रोसेसर बसवून नव्याने काढला. तो पाहून निशिकादोंनी पुढच्या खेळासाठी प्रोसेसर वापरायचं ठरवलं. मूळ प्रेरणा ‘ब्रेकआउट’ची, चेंडूने विटा फोडायच्या खेळाची. विटांच्या जागी त्यांनी हलणारे आणि उलट गोळी मारणारे जीव ठेवले. आधी माणसं काढली होती, पण माणसांवर गोळ्या झाडणं कंपनीला पसंत नव्हतं.

तर तो ८०८० प्रोसेसर, दोन मेगाहर्ट्झचा. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं उमटतात आणि प्रत्येक चित्रात एकच खेकडा हलवला जातो. ५५ जण असतील तर सगळ्या पलटणीचं एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागतो. दहाच उरले की सेकंदात सहा पावलं. एकच उरला की साठ. त्या यंत्राला जेवढं झेपत होतं त्यातून हा वेग आपोआप आला. निशिकादोंनी तो पाहिला, त्यातली रंगत ओळखली आणि तसाच ठेवला. कारखान्यात मोजमापात फरक दिसला की आम्ही तो काढून टाकतो. हा फरक ठेवावा असं वाटायला वेगळी नजर लागते.

खेळताना याचा उपयोग असा: पलटणीच्या एका बाजूच्या उभ्या रांगा आधी संपवा. पलटण अरुंद झाली की तिला कडेपर्यंत जायला जास्त पावलं लागतात, म्हणजे ती खाली उशिरा उतरते. वेग वाढतो, पण उतरण्याला तेवढाच उशीर होतो.

शेवटचा एकटा खेकडा सगळ्यांना छळतो. त्याची एक खूण आहे. उजवीकडे जाताना तो एका पावलात तीन ठिपके जातो, डावीकडे जाताना दोनच. म्हणून तो उजव्या कडेवरून परत फिरेपर्यंत वाट बघा आणि डावीकडे येताना मारा.

नागोया-उची

माझ्या शहराचं नाव लागलेला हा डाव आहे, म्हणून मला त्याचा अभिमान आहे. ‘उची’ म्हणजे मारणं. खेकड्याची गोळी त्याच्या अंगातून सुटत नाही, त्याच्या थोड्या खालून सुटते. पलटणीची खालची रांग तुमच्या तोफेच्या अगदी वर, शेवटच्या पायरीवर आली, की तिची गोळी तोफेला लागतच नाही. खेकडे डोक्यावर आलेले असतात आणि तुम्ही त्यांच्या गोळीपासून मोकळे असता. शिवाय ते इतके जवळ असतात की तुमची गोळी लगेच लागते आणि लगेच दुसरी सुटते.

नावाची एक व्युत्पत्ती मास्टरांनी सांगितली, ती इथे बऱ्याच जणांच्या तोंडी आहे. नागोया ज्या जुन्या प्रांतात येतं त्याचं नाव ओवारी. जपानीत ‘ओवारी’ म्हणजे शेवटही. शेवटापासून एका पायरीवर उभं राहून मारायचं, ते नागोया-उची.

करायचं कसं: आधी कडेच्या दोन-तीन उभ्या रांगा पूर्ण संपवा. मग पलटणीला उतरू द्या आणि खालची रांग शाबूत ठेवा. हे सगळ्यात कठीण, कारण बोट शिवशिवत असतं. शेवटच्या पायरीवर आले की एका टोकापासून सुरुवात करा. ज्या उभ्या रांगेला हात घातला ती वरपर्यंत संपवूनच पुढच्या रांगेकडे जा. अर्धी सोडली तर वर उरलेला खेकडा उंचावरून मारतो आणि त्याची गोळी लागते. आणि पलटण कडेला टेकायच्या आत सगळं संपलं पाहिजे. ती आणखी एक पायरी उतरली की जमिनीवर आली, आणि मग तुमच्या कितीही तोफा शिल्लक असोत, खेळ तिथेच संपतो.

माझा पहिल्यांदा डाव जमत आला तेव्हा उरले होते सहा. मी वर गुण बघायला नजर उचलली. तेवढ्यात पलटण कडेला टेकली. दोन तोफा शिल्लक होत्या आणि पडदा थांबला. तेव्हापासून गुणांच्या आकड्यावर मी साखरेची वाटी ठेवते.

दुसऱ्या पलटणीपासून खेकडे आणखी खालून सुरुवात करतात, त्यामुळे हा डाव लवकर मांडता येतो. नवशिक्यांनी तो पहिल्या पलटणीत करूच नये. पहिलीत तबकड्या गोळा कराव्यात.

कुठे खेळावा

असं टेबल सापडलं तर उत्तमच. नाहीतर टैटोने ‘इन्व्हिन्सिबल कलेक्शन’ या नावाने मूळ खेळ निन्टेन्डो स्विचवर आणला आहे, तोही चांगला. एक सावधगिरी: अटारीच्या घरगुती यंत्रावर १९८० मध्ये आलेली आवृत्ती वेगळी. तिथे पलटण ३६ जणांची आहे आणि वर सांगितलेली गणती लागू होत नाही. त्या यंत्राच्या विक्रीला तिने मोठा हात दिला, तो इतिहास आपल्या जागी. पण शिकायला मूळ आर्केडचाच खेळ घ्या.

मी लहानपणी हा खेळ पाहिलाही नव्हता. आमच्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडीओ गेम होता आणि त्याच्या कॅसेटमध्ये चौसष्ट खेळ. भाऊ आणि मी सगळ्यात जास्त खेळलो ते गॅलॅक्सियन. त्यात रांगेतला एखादा जीव सुटून खाली झेपावतो. गॅलॅक्सियन नामको कंपनीने १९७९ मध्ये काढला, स्पेस इन्व्हेडर्सला उत्तर म्हणून. १९८१ मध्ये त्याच घरातून गॅलागा आला. मास्टरांच्या टेबलावर बसले तेव्हा मला कळलं की मी ज्या घरात वाढले त्या घराचे आजोबा हे आहेत. डोंकी काँग आणि मारिओ करणारे शिगेरू मियामोतो यांनीही सांगितलं आहे की व्हिडीओ गेमकडे ते वळले ते याच खेळामुळे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हा खेळ आपल्या संग्रहात घेतला. मला ते योग्यच वाटतं.

मागच्या दिवाळीत मी दाराशी ठिपक्यांच्या रांगोळीने मधल्या रांगेतला खेकडा काढला. तो रुंदीला ११ आणि उंचीला ८ ठिपक्यांचा आहे. ८८ ठिपक्यांपैकी ४६ भरायचे. वरच्या दोन ओळींत शिंगांचे दोन-दोन, मग सात, मग डोळ्यांच्या जागा सोडून सात, मग सलग अकरा, मग नऊ, आणि शेवटच्या दोन ओळींत पायांचे चार-चार. शेजारच्या जपानी आजी सकाळी फिरायला निघाल्या, रांगोळीपाशी थांबल्या आणि लगेच म्हणाल्या, “इन्व्हेडर!”

दोघांनी खेळायचं असेल तर

टेबलावर दोघं समोरासमोर बसतात. तुमची पाळी संपली की पडदा उलटा होऊन समोरच्याच्या बाजूला सुलटा होतो. जपानी लोक असेच आळीपाळीने खेळतात. मी मात्र दोघांना वेगळी वाटणी सुचवेन: एकाने खेळायचं, दुसऱ्याने मोजायचं. गणती डोक्यातून गेली की हात किती मोकळे होतात ते खेळून बघा.

आमच्या घरचे आण्णा गेल्या वसंतात इस्लामपूरहून आले होते. मी त्यांना समोर बसवलं आणि फक्त गोळ्या मोजायला सांगितल्या. त्यांच्या बाजूने सगळं उलटं दिसत होतं, पण गोळी सुटलेली दिसायला उलटं-सुलटं लागत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मी काही सांगायच्या आत स्वतःच सुरुवात केली, “लाभ.” मास्टर मागे पाण्याचे पेले पुसत होते, तेही थांबले. बावीस झाल्यावर आण्णांनी तळहात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “थांब.” तबकडी डावीकडून आली. मी तेविसावी सोडली, वर तीनशे उमटले, आणि आण्णा पुढची पायली मापायला घेतल्यासारखे पुन्हा म्हणाले, “लाभ.”

दुसऱ्या फेरीला ‘लाभ’ म्हटलं तरी चालतं. फक्त चौदाला थांबायचं, बावीसला नाही, एवढं मोजणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.